बर्फात ठेवलेल्या नळ्या

फकरुद्दीन सोलकरला संशयी म्हणणं म्हणजे समुद्राला ओला म्हणणं. हर्णै बंदरात, मासळीच्या लिलावात वाढलेला माणूस. पाटीत वरचा थर ताजा आणि खालचा शिळा असतो, हे तिथल्या पोरांना शाळेत जायच्या आधी कळतं. कल्ला उचलून आतला लाल रंग बघितल्याशिवाय त्याने आयुष्यात मासा घेतला नाही, आणि खरं सांगायचं तर माणसाचीही पारख त्याने तशीच केली. जेद्द्याला येऊन वीस वर्षं होत आली होती. बलद या जुन्या वस्तीतल्या गल्लीतला आफ्रिकी यात्रेकरूंचा मुसाफिरखाना तो एकहाती सांभाळत होता. तरी दुकानातून आलेली दुधाची बाटली आधी नाकाला लावायची आणि मगच चहात ओतायची, ही सवय काही सुटली नव्हती.

"तुमचा पहिला निकाह संशयाशी झालाय," त्याची बायको ताजुन्निसा म्हणायची. "मी दुसरी."

यावर तो हसायचासुद्धा नाही. ही आपल्याला हसवून काहीतरी लपवत तर नाही ना, असं त्याला वाटायचं.

अशा माणसाच्या वाट्याला युद्ध आलं, म्हणजे बघा! इराकने कुवेत गिळलं तेव्हापासून जेद्द्यात जो तो दुसऱ्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होता. गल्लीतले यमनी दुकानदार एकेक करून ट्रकवर संसार लादून सरहद्दीकडे निघून गेले होते. त्यांच्या देशाने इराकची बाजू घेतली असं इथे मानलं गेलं, आणि त्यांना थारा उरला नाही. चौकाचौकात पोलीस इकामा विचारायला लागले. इकामा म्हणजे परदेशी माणसाचा इथे राहायचा परवाना. तो नसला की थेट विमानतळ. जानेवारीत बॉम्ब पडायला लागले. क्षेपणास्त्रं रियाधवर आणि पूर्वेकडे येत होती, जेद्दा लांब होतं. "पण विषारी वायूचं काय घेऊन बसलात?" फकरुद्दीन सगळ्यांना सुनवायचा. "तो काय तिकीट काढून येणाराय?" त्याने आपल्या राहत्या खोलीच्या खिडक्या, फटी, दाराच्या चौकटी, सगळं खाकी चिकटपट्टीने बंद करून टाकलं. मधे चादर बांधली. चादरीच्या अलीकडे तो, पलीकडे ताजुन्निसा, मुलगी फरहाना आणि मैमुना. संध्याकाळ झाली की चौघं त्या कोंदट खोलीत शिरायची आणि रेडिओला कान लावून बसायची.

ही मैमुना कोण, ते सांगायलाच हवं, कारण फकरुद्दीनचा सगळा जीव तिच्यापायी टांगणीला लागला होता. बाई मूळची चाडची. नवऱ्याबरोबर हजला आली, नवरा मक्केतच वारला, आणि ती परत गेलीच नाही. मुसाफिरखान्यात भांडी घासायला लागली तेव्हा तिच्या कडेवर पितं मूल होतं. ते जगलं नाही. त्याच सुमाराला फरहाना जन्मली, आणि ताजुन्निसा तापाने अशी पडली की तिला दूध म्हणून आलं नाही. मैमुनाने कुणाला न विचारता पोरीला उचललं आणि छातीशी घेतलं. दूध पाजणारी ती आईच, शरियतीतही आणि घरातही. फरहाना तिला 'यम्मा' म्हणायची आणि ताजुन्निसाला 'मम्मी'. ओरडायची ती मम्मी, पाठीशी घालायची ती यम्मा.

पण दुधाच्या नात्याला इकामा कोण देतो? मैमुनाकडे कागद म्हणून नव्हता. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आता रोज कुणीतरी विचारत होतं. ती सापडली असती तर तिची रवानगी चाडला, तिला आसरा दिला म्हणून फकरुद्दीनची हर्णैला, आणि मधल्यामधे पोर आईला मुकणार. मैमुनाला वाचवायचं, ही एकच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. भाजी आणायलासुद्धा तो तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नव्हता.

त्यात विमानं बंद झाली, आणि उमराला, म्हणजे हजच्या दिवसांखेरीजच्या मक्केच्या यात्रेला, आलेले चाडचे वीसेक यात्रेकरू मुसाफिरखान्यात अडकून पडले. त्यांचा म्होरक्या हाजी अबकर, उंचापुरा म्हातारा, दिवसभर जिन्यात बसून तसबीहचे मणी ओढत जप करायचा. आणि या लोकांच्या मागोमाग दर गुरुवारी एक मराठी डॉक्टरीणबाई यायला लागली.

डॉक्टर कौमुदी साताऱ्याकडची. सरकारी रुग्णालयात नोकरी. युद्धाच्या भीतीने अर्धे परदेशी डॉक्टर पळाले, ही राहिली, हाच फकरुद्दीनला पहिला संशय. आली की यात्रेकरूंना ओळीने बसवायची, तोंड उघडायला लावायची, कापूस लावलेली काडी घशातून फिरवायची आणि ती काडी एका नळीत घालून बूच लावायची.

"हे कशासाठी, डॉक्टरबाई?" पहिल्याच गुरुवारी त्याने विचारलं होतं.

"चाड, सुदान या बाजूला दोन-तीन वर्षांपूर्वी मेंदूज्वराची मोठी साथ येऊन गेली, फकरुद्दीनभाई. माणसं पटापट गेली. हा जंतू धडधाकट माणसाच्या घशात महिनोन्महिने बसून राहतो. त्याला स्वतःला काही होत नाही, पण तो दुसऱ्याला देतो. कुणाच्या घशात आहे ते शोधायचं, दोन दिवस गोळ्या द्यायच्या, झालं. आणि तो कुठून कुठे फिरला, तेही आम्हाला लिहायचंय."

"लिहून कुणाला देणार?" फकरुद्दीनने लगेच कल्ला उचलला.

"छापणार. साथ येते तिथल्या डॉक्टरांना उपयोग होतो."

"म्हणजे बाहेर पाठवणार."

"हो, बाहेर पाठवणारच की!" बाई वैतागली आणि पुढच्या घशाकडे वळली. गोड बोलून समजवायचा तिचा स्वभाव नव्हता, आणि समजून घ्यायचा याचा नव्हता.

त्यानंतर फकरुद्दीन डोळ्यांत तेल घालून बसला. ही बाई यात्रेकरूंना काय काय विचारते! गाव कुठलं, गावात किती माणसं गेली, इथे कोण कुणाच्या शेजारी झोपतं, कोण कुणाच्या ताटात जेवतं. असं तर पोलीस विचारतात. मग नळ्या भरल्या की रुमालात गुंडाळायच्या आणि अबायाच्या, त्या पायघोळ काळ्या झग्याच्या आत, अंगाशी धरून न्यायच्या. का? औषधपाण्याची चीज असेल तर डब्यात बर्फ घालून न्यावी की उजळ माथ्याने! लपवायचं काय कारण? शिवाय मुसाफिरखान्याच्या फोनवरून तिचं इंग्रजीत बोलणं चालायचं, त्यात 'स्ट्रेन' आणि 'कल्चर' हे शब्द सारखे यायचे. आणि नवरा कुठे? तर अबकैकला, तेलाच्या कारखान्यात इंजिनियर. म्हणजे अगदी युद्धाच्या तोंडाशी!

"कुठेतरी पाणी मुरतंय," त्याने ताजुन्निसाला सांगितलं. "आफ्रिकेतले जंतू गोळा करते, जिवंत ठेवते आणि बाहेर पाठवते. जंतूंचा बॉम्ब म्हणतात तो कशाचा करतात, ठाऊक आहे?"

"तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर रोज रात्री रॉकेट येतंय, आणि ती इथे बॉम्ब करत बसलीय होय?" ताजुन्निसा म्हणाली. "कायतरीच बोलता!"

"अब्बा, यू आर इम्पॉसिबल," फरहाना पुस्तकातून मान वर न करता म्हणाली. "डॉक्टर आंटी तो कितनी अच्छी हैं."

घरच्या बायका आपल्या बाजूने नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं. यात मैमुनाने भर घातली.

त्या गुरुवारी तो मासळी बाजारातून सुरमई घेऊन आला. बर्फाने भरलेला थर्माकोलचा खोका खांद्यावर, कपाळावर घाम. दारातून आत बघतो तर यात्रेकरूंच्या ओळीत, शेवटच्या खुर्चीवर मैमुना! तोंड उघडं, आणि डॉक्टरीणबाईची काडी तिच्या घशात. खलास! फकरुद्दीनच्या पायाखालची वाळूच सरकली. खोका तिथेच आपटून त्याने मैमुनाला स्वयंपाकघरात ओढत नेलं.

"नाव काय सांगितलंस?"

"मैमुना. आणखी कुठलं सांगू?"

"अगं बये, उद्या तुझ्या घशात काही सापडलं तर रुग्णालयाची माणसं येतील. ती कागद मागतील. कुठून आणू?"

मैमुनाने त्याचा हात शांतपणे सोडवला. "त्यांच्यात माझ्या गावाजवळची एक बाई आहे," ती म्हणाली. "तिची तिन्ही मुलं त्या तापात गेली. डॉक्टर शोधतेय, तर शोधू दे. माझा घसा काय सोन्याचा आहे?"

बाहेर भोंगा वाजायला लागला. सराव की खरा हल्ला, कुणालाच ठाऊक नाही. दुकानांची दारं धाडधाड बंद झाली. कौमुदीचा ड्रायव्हर पळत आत आला. सगळ्या नाक्यांवर तपासणी लागली होती, आज बायकांच्याही पिशव्या आणि कपडे झडती घेणाऱ्या बायका चाचपून बघत होत्या. कौमुदीने मुसाफिरखान्यातला चहाचा रुंद थर्मास मागून घेतला. तिने त्यात कोमट पाणी ओतून नळ्या ठेवल्या आणि थर्मास फकरुद्दीनच्या हातात दिला.

"मागे एकदा शिपायाने बुचं उघडून हुंगली होती, सगळं वाया गेलं. आज जंतूंच्या नळ्या घेऊन सापडले तर मलाच आत टाकतील. उद्या सकाळी रुग्णालयाची गाडी परवाना घेऊन येईल. तोवर जपा. पाणी अंगाइतकं कोमट राहू द्या. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, बर्फाच्या जवळपासही न्यायचं नाही."

"का?"

"थंडीने जंतू मरतात."

"मेलेले बरे की!"

"मेले तर दिसणार कसे?" एवढं बोलून ती गाडीत बसली आणि निघून गेली.

थर्मास हातात धरून फकरुद्दीन उभा राहिला. म्हणजे आपला संशय खरा होता तर! बाईने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं होतं की तिला जंतू जिवंत हवेत. आणि त्या नळ्यांत एक नळी मैमुनाची. त्याला फार विचार करावा लागला नाही. हर्णैला तो एकच शास्त्र शिकला होता. जे मासळी नासवतं, ते बर्फात थंड पडतं. लोकांचं लक्ष भोंग्याकडे असताना त्याने नळ्या काढल्या, सुरमईच्या पोटाशी ठेवल्या, वर बर्फाचा चुरा दाबला आणि झाकण लावलं.

"काय चाललंय?" ताजुन्निसाने विचारलं.

"मासळी लावून ठेवतोय. उद्याला नासेल."

पहाटेच्या नमाजनंतर त्याने नळ्या बाहेर काढल्या, पुसून कोरड्या केल्या आणि ताज्या कोमट पाण्यात घालून थर्मास जसाच्या तसा करून ठेवला. सकाळी गाडी आली आणि घेऊन गेली. ताकास तूर लागू दिली नाही पठ्ठ्याने.

पुढच्या गुरुवारी कौमुदी आली ती कपाळाला आठ्या घालूनच. "एकाच्याही घशात काही सापडलं नाही," ती म्हणाली. "एवढ्या माणसांत एकही नाही? अशा दाटीत दोघातिघांच्या तरी घशात असतोच. नवलच आहे."

"अल्लाचा करम," फकरुद्दीन म्हणाला. त्या दिवशी तो पहिल्यांदा तिच्याशी हसून बोलला. आग्रह करून सुरमईचं कालवण आणि भात जेवू घातला. ताजुन्निसा मात्र नवऱ्याकडे बघतच राहिली. हा माणूस कुणाला आग्रह करतो म्हणजे काय? आता संशय घ्यायची पाळी तिची होती. बाहेर विमानं अजून बंदच होती, खोलीच्या खिडक्यांवरची चिकटपट्टी तशीच होती, पण फकरुद्दीनला कितीतरी दिवसांनी घोरून झोप लागली.

ती झोप दोनच दिवस टिकली. मैमुनाला ताप भरला. सकाळी अंग कसकसलं, दुपारपर्यंत डोकं फुटायला लागलं, उजेड नको म्हणाली. फकरुद्दीनने रुग्णालयात फोन लावला. कौमुदी घाईत होती. जखमींसाठी खाटा रिकाम्या करायचं काम चाललं होतं.

"मैमुना ना? तिचा घसा आत्ताच तपासलाय, साफ आलाय. तेव्हा मेंदूज्वराची भीती नको," ती म्हणाली. "मलेरिया असेल, इकडे हल्ली दिसतोय. गोळ्या घ्या, नावं सांगते. पाणी भरपूर पाजा. उद्या बरं वाटलं नाही तर मी येऊन बघते."

फकरुद्दीनला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! मलेरिया! म्हणजे रुग्णालयात न्यायला नको, कागद दाखवायला नको. त्याने स्वतः जाऊन गोळ्या आणल्या. मैमुनाने त्या घेतल्या आणि ओकून टाकल्या.

दुपार कलली. असरची बांग झाली. मैमुना भिंतीला धरून उठली. नमाज चुकवायची नाही, हा तिचा हट्ट. ताजुन्निसा शेजारी उभी होती. मैमुना सजद्यात जायला वाकली, पण मान वाकेना. हात जमिनीला टेकले, कपाळ टेकेना. लाकडासारखी ताठ मान तशीच वर. ती पुन्हा वाकली, कण्हली, आणि कुशीवर कलंडली.

"अहो, हिची मान बघा!" ताजुन्निसा किंचाळली. "हा मलेरिया नाही. हर्णैला माझ्या मावशीला असंच झालं होतं!"

फरहाना यम्माचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मैमुना भलतंच बरळत होती, आपल्या मेलेल्या मुलाला हाका मारत होती. फकरुद्दीन दारात उभा होता आणि त्याला सगळं कळत होतं. डॉक्टरीणबाई मलेरिया म्हणाली, कारण नळी साफ आली. नळी साफ आली, कारण ती सुरमईच्या पोटाशी झोपली होती. हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं, आणि तो एकटा गप्प बसला तर मैमुना संध्याकाळपर्यंतही टिकणार नव्हती. बोलला तर? सरकारी कामात ढवळाढवळ केली म्हणून त्याला काय शिक्षा होईल, देव जाणे. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा इकामा होता तो अरब मालक, तर दारात उभंच करणार नाही. आणि मैमुना रुग्णालयात गेली की कागद मागितले जाणार, म्हणजे तिची रवानगी ठरलेलीच. ज्यासाठी एवढा अट्टहास केला, तेच स्वतःच्या हाताने करायचं.

"अब्बा, डू समथिंग!" फरहाना रडत ओरडली.

तो जिना उतरून फोनपाशी गेला. हाजी अबकर आणि दोन-चार यात्रेकरू तिथेच बसले होते. त्यांना मराठी कळत नव्हतं, एवढंच काय ते बरं.

"डॉक्टरबाई, तिची मान वाकत नाहीये." मग एका दमात, "आणि तुमच्या त्या नळ्या मी बर्फात ठेवल्या होत्या. रात्रभर. मुद्दाम."



"तिला उचला आणि निघा," कौमुदी म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "आत्ता. दारात माझं नाव सांगा. बाकीचं नंतर बोलू."

हाजी अबकरच्या माणसांनी मैमुनाला चादरीत घालून खाली आणलं. नाक्यावरच्या शिपायाने चादर वर करून बघितलं, आणि इकामा न विचारताच गाडी सोडली. रुग्णालयात तिच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, ते गढूळ आलं. पेनिसिलिन सुरू झालं. कौमुदी तिच्या खाटेपासून हलली नाही. फकरुद्दीनकडे तिने एकदाही बघितलं नाही. पण खिडकीपाशी बसलेल्या कारकुनाने बघितलं. त्याने विचारायचं ते विचारलं, आणि फकरुद्दीनने खरं ते सांगितलं. आता लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

मैमुना वाचली. पण शुद्धीवर आल्यावर ती लोकांच्या तोंडाकडे बघत राहायला लागली. फरहाना दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरून, "यम्मा, यम्मा," म्हणत होती, आणि मैमुना हसत होती, पण उत्तर देत नव्हती. कौमुदीने तिच्या कानाशी टाळी वाजवली, मग पितळी वाटी आपटली. मैमुनाची पापणीसुद्धा हलली नाही.

"दोन्ही कान गेले," कौमुदीने बाहेर येऊन सांगितलं. "या आजारात जातात. परत येणार नाहीत."

"मला शिव्या घाला, डॉक्टरबाई," फकरुद्दीन म्हणाला. "काहीतरी बोला."

"कुणाला घालू?" ती म्हणाली. "न बघता फोनवर मलेरिया सांगणारी मीच होते. तेव्हाच बोलावून घेतली असती तर कदाचित... जाऊ दे. आता मला सगळ्यांचे घसे पुन्हा बघायचेत. यात्रेकरूंचे, आणि तुमच्या घरच्यांचेही. आणि या वेळी नळ्या मी स्वतः नेणार."

तिने सगळ्यांना पुन्हा ओळीने बसवलं. कुणी कुरकुरलं नाही. निकाल घेऊन ती आली तेव्हा फकरुद्दीन हिशेबाच्या टेबलामागे बसला होता आणि ताजुन्निसा शेजारी उभी होती.

"कुणाचा सापडला?" त्याने विचारलं. मनात त्याने माणूस ठरवूनही ठेवला होता. दुसऱ्या मजल्यावरचा तो सारखा खाकरणारा म्हातारा.

"यात्रेकरूंपैकी एकाच्याही घशात नाही. या वेळी खरंच नाही."

"मग?"

"तुमच्या."

फकरुद्दीनला वाटलं, ही सूड घेतेय. "माझ्या? माझं नाक कधी वाहिलं नाही! लस घेतलीय मी, दर हजला घेतो!"

"लस तुम्हाला आजारापासून वाचवते, घशातून जंतू काढत नाही. मैमुनाच्या पाण्यात जो सापडला तोच तुमच्या घशात आहे. ती झोपायची कुठे?"

ताजुन्निसानेच उत्तर दिलं. "आमच्या खोलीत. यांनी सगळीकडून चिकटपट्टी लावली होती ना, वायू येऊ नये म्हणून. हवेला जागा नव्हती."

कौमुदीने चष्मा काढला, डोळे चोळले. बिचारी किती रात्री झोपली नव्हती कोण जाणे. "तुम्ही याला आफ्रिकेतला रोग म्हणता, फकरुद्दीनभाई. मीही तसंच समजून त्यांचेच घसे बघत बसले, तुमचा बघायचं डोक्यातच आलं नाही. आमच्या अभ्यासात उलटंच दिसायला लागलंय. सत्याऐंशीच्या हजनंतर तो इथून चाडला गेला असावा. आणि इथे आला आपल्याच बाजूने, हिंदुस्थान-नेपाळकडून." तिने गोळ्यांची पाकिटं टेबलावर ठेवली. "तुम्ही तिघांनीही घ्या. दोन दिवस."

गोळ्यांनी फकरुद्दीनची लघवी लालभडक झाली. एरवी याच माणसाने विष घातलं म्हणून गल्ली डोक्यावर घेतली असती. या वेळी त्याने उरलेल्या गोळ्याही वेळेवर गिळल्या. संशय घ्यायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

बातमी मात्र लपली नाही. यात्रेकरूंना परत का तपासलं, ते कौमुदीने हाजी अबकरला अरबीत नीट समजावून सांगितलं, तिचं कामच होतं ते. त्या संध्याकाळपासून फकरुद्दीन जिन्यातून जाऊ लागला की माणसं भिंतीकडे तोंड करायची. त्याने ओतलेला चहा टेबलावर तसाच निवायचा. तिन्ही मुलं गमावलेली ती बाई तर त्याला बघितलं की ओढणी नाकावर दाबायची आणि खोलीत शिरून कडी लावायची. गोळ्या झाल्या, आता माझ्या घशात काही नाही, असं त्याने एकदोघांना सांगून बघितलं. ऐकून घेतलं त्यांनी, पण दोन पावलं मागे सरून.

युद्ध संपलं. विमानं सुरू झाली. कारकुनाने मैमुनाबद्दल लिहिलेला कागद पासपोर्टवाल्यांकडे पोचला होता, आणि तिला याच यात्रेकरूंबरोबर चाडला पाठवायचं ठरलं. फकरुद्दीनचा इकामा कफीलने कसाबसा वाचवला, तोही चार शिव्या हासडून. मैमुनासाठी कौमुदी दोन कचेऱ्यांत जाऊन आली. उपयोग झाला नाही. ज्या देशात तिचं आता कुणी नव्हतं, तिथे ती बहिरी होऊन परत चालली होती.

जायच्या सकाळी बस गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. मैमुनाने ताजुन्निसाला मिठी मारली, फरहानाचं कपाळ, गाल, हात, सगळं हुंगलं, आणि गाठोडं घेऊन यात्रेकरूंच्या रांगेत शिरली. ती पायरी चढत होती तेव्हा फरहानाचा धीर सुटला.

"यम्मा!" तिने हाक मारली. "यम्मा!" सगळी गल्ली वळून बघायला लागली. मैमुना तेवढी वळली नाही. ती आत गेली आणि पलीकडच्या खिडकीशी, पाठ करून बसली.

पोर हाका मारतच राहिली. ते फकरुद्दीनला ऐकवेना. तो धावत बसमध्ये चढला. आत एकदम चुळबुळ झाली, पगड्यांची टोकं आणि ओढण्या नाकावर गेल्या, पायघोळ कपडे त्याच्या वाटेतून आवरले गेले. तो मैमुनापाशी पोचला, तिच्या खांद्याला हात लावला आणि अलीकडच्या खिडकीकडे बोट दाखवलं. मैमुना उठली. खाली उभ्या पोरीला तिने पाहिलं, आणि मोठमोठ्याने काहीतरी बोलायला लागली, स्वतःला ऐकू येत नाही तशा वेड्यावाकड्या आवाजात. दुपारी जेवून घे, असं काहीतरी ते होतं.

ड्रायव्हरने भोंगा दिला. "यल्ला, यल्ला!" फकरुद्दीन दांड्याला धरून खाली उतरला. रस्त्यावर पाय टेकून त्याने मागे वळून बघितलं. त्याने धरलेला दांडा हाजी अबकर आपल्या अंगरख्याच्या टोकाने पुसत होता.